आजीचे रॉकेट

आपल्या व्यापारी घरांत सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, दुकान कोण सांभाळणार. आणि दुसरा, मुलांना कुठे आवडेल. घरातील ज्येष्ठ स्त्रीला कुठे जावेसे वाटते, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. चुकून विचारला गेलाच तर उत्तर ठरलेले असते, "तुम्ही म्हणाल तिकडे." बँकेतील छत्तीस वर्षांच्या सेवेत रजा-प्रवास सवलतीचे असंख्य अर्ज माझ्या हाताखालून गेले. प्रवास कोठून कोठे, किती व्यक्ती, किती अंतर, असे सगळे रकाने त्यात असत. इच्छा कोणाची, असा रकाना मात्र कधी पाहिला नाही.

२०२२ च्या दिवाळीत आम्ही उभयता अमेरिकेत, अटलांटा येथे चिरंजीवांकडे होतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फ्लोरिडाची सहल ठरली. नातू अकरा वर्षांचा. त्याचा ध्यास ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डचा. तिकिटे काढण्यासाठी सारे संगणकासमोर बसले असताना आमच्या सौ. हळूच म्हणाल्या, "त्या बाजूला जाणारच आहोत, तर चंद्राकडे जाणारे ते रॉकेट बघायला मिळेल का रे?" खोलीत क्षणभर शांतता पसरली. आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचे प्रसंग बोटावर मोजण्याइतकेच असतील.

सौ. सांगलीतील मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षे विज्ञान शिकवत होत्या. त्यांच्या वडिलांचे भुसारीचे दुकान होते. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. दुकानातील रेडिओभोवती हमाल, गिऱ्हाइके, शेजारचे दुकानदार असे सारे जमले होते, आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून आपण ती बातमी ऐकली, असे त्या नेहमी सांगतात. पुढे प्रत्येक वर्गाला चंद्राचा धडा शिकवताना त्यांनी ती आठवण सांगितली. चंद्राकडे माणसाला नेणारे यान प्रत्यक्ष पाहणे त्यांच्या हिशेबातच नव्हते. १९७२ च्या डिसेंबरनंतर तिकडे कोणी गेलेही नव्हते.

आता मात्र अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेचे आर्टेमिस मोहिमेतील पहिले यान उड्डाणाच्या तयारीत होते. त्या यानात माणूस नव्हता; ओरायन नावाची कुपी रिकामीच चंद्राभोवती जाऊन परत यायची होती. परंतु पुढे माणसाला चंद्राकडे नेण्याची ही रंगीत तालीम होती. २९ ऑगस्टला एका इंजिनाच्या तापमानाची शंका आली, म्हणून उड्डाण थांबवले गेले. ३ सप्टेंबरला हायड्रोजन गळू लागला, म्हणून पुन्हा थांबवले गेले. त्यानंतर १४ नोव्हेंबरचा मुहूर्त निघाला. रविवारची रात्र उलटल्यावर सोमवारच्या पहिल्या प्रहरी. शनिवारी डिस्ने, रविवारी रात्री रॉकेट, सोमवारी परत, असा सुटसुटीत बेत चिरंजीवांनी आखला.

निसर्गाने तो मोडला. निकोल नावाचे चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याकडे सरकू लागले आणि उड्डाण १६ तारखेच्या पहाटेवर ढकलले गेले. डिस्नेची तिकिटे १२ तारखेची, पैसे भरलेले. चिरंजीवांची रजा सोमवारपर्यंतच. मंगळवारी त्यांची कार्यालयीन बैठक. नातवाची शाळा होती ती वेगळीच. आमचे भारतात परतण्याचे विमान २० तारखेचे. शिवाय पूर्वी दोनदा रद्द झालेले उड्डाण तिसऱ्यांदा होईलच, याची हमी कोण देणार? जेवणाच्या टेबलावर ही चर्चा चालू असताना सौ. नेहमीच्या समजूतदारपणे म्हणाल्या, "जाऊ दे. टीव्हीवर बघू. तिथे जवळूनही दिसते."

चिरंजीवांनी मान हलवली होती. त्या वेळी सूनबाई ताटे उचलता उचलता म्हणाल्या, "आई, मिकी माउस पुढच्या वर्षीही तिथेच असेल. तुमचे रॉकेट नसेल." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "मंगळवारची बैठक हॉटेलच्या खोलीतून करता येईल. दोन दिवस शाळा बुडाली तर मी बाईंना कळवते." विषय तेथेच संपला. चाळीस वर्षांत मला न सुचलेले वाक्य बारा वर्षांपूर्वी घरात आलेल्या मुलीने सहज उच्चारले, याचे मला कौतुक वाटले.

अटलांटाहून ऑर्लँडो मोटारीने सुमारे सातशे किलोमीटर. शुक्रवारी निघून संध्याकाळी पोहोचलो. वाटेत वादळाने मोडलेल्या फांद्या दिसत होत्या. आकाश मात्र निरभ्र झाले होते.

डिस्ने वर्ल्डविषयी व्यापारी मंडळींना रस वाटेल अशी एक गोष्ट आधी सांगतो. कॅलिफोर्नियात पहिले उद्यान काढल्यावर वॉल्ट डिस्ने यांच्या ध्यानात आले की, उद्यानाच्या कुंपणाबाहेर इतरांनीच हॉटेले उभारून नफा कमावला. म्हणून फ्लोरिडात जमीन घेताना त्यांनी आपले नाव पुढे येऊच दिले नाही. निरनिराळ्या नावांच्या लहान कंपन्या स्थापून १९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी सुमारे सत्तावीस हजार एकर दलदलीची जमीन गोळा केली. तीही सुमारे पन्नास लाख डॉलरांत, म्हणजे सरासरी एकरी दोनशे डॉलरच्या आत. ऑक्टोबर १९६५ मध्ये खरा खरेदीदार कोण हे वृत्तपत्राने उघड केले, आणि शिल्लक जमिनीचे भाव गगनाला भिडले. वॉल्ट डिस्ने स्वतः डिसेंबर १९६६ मध्ये वारले. उद्यान उघडले १ ऑक्टोबर १९७१ रोजी, त्यांचे थोरले बंधू रॉय यांच्या देखरेखीखाली. निवृत्तीचा विचार बाजूला ठेवून त्यांनी ते काम तडीस नेले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचेही निधन झाले. धाकट्याचे स्वप्न थोरल्याने पुरे करायचे, ही रीत आपल्या पेढ्यांनाही अपरिचित नाही.

आम्ही गेलो तेव्हा उद्यानाचे पन्नासावे वर्ष साजरे होत होते, नाताळची सजावटही लागली होती, आणि शनिवार होता. गर्दीविषयी याहून अधिक काय सांगावे! मोटार लावायची, मग सुरक्षा तपासणी, तेथून तलावापलीकडे बोटीने किंवा मोनोरेलने जायचे. मॅजिक किंगडममध्ये पाय ठेवला तेव्हा समोर सिंड्रेलाचा एकशे एकोणनव्वद फूट उंचीचा राजवाडा आणि त्याच्या अलीकडे केवळ माणसांची डोकी. पंढरपूरची वारी आणि बाहुबलीचा महामस्तकाभिषेक पाहिलेल्या माणसाला गर्दीचे भय नसते. परंतु तेथे मनुष्य गर्दीत शिरतो ते काही विसरण्यासाठी. येथे प्रत्येक जण हातातील फोनवर मिनिटे मोजत होता.

प्रत्येक खेळाच्या दाराशी किती मिनिटे थांबावे लागेल त्याचा फलक असतो. पंचेचाळीस, सत्तर, नव्वद. रांग नागमोडी फिरवलेली, डोक्यावर सावली, वळणावळणावर पाहायला काहीतरी. थांबणाऱ्याला आपण पुढे सरकतो आहोत असे सतत वाटावे, याची योजना मोठी कुशल. आणि शेजारीच दुसरी, जवळजवळ रिकामी वाट. तिचे नाव लायटनिंग लेन. जादा पैसे भरणाऱ्याला तिकडून प्रवेश. २०२१ मध्ये ही योजना आली तेव्हा तेथे दर दिवशी माणशी पंधरा डॉलर होता. आम्ही गेलो त्याच्या आदल्या महिन्यापासून गर्दीनुसार तो कमी-अधिक होऊ लागला होता. आम्ही साध्या रांगेतच राहिलो. तरुणपणी मी रोखपाल असताना काउंटरवर पितळी टोकन देत असू. मोठ्या ठेवीदारालाही टोकनाचा क्रमांक लागेपर्यंत बाकावर बसावे लागे. येथे वेळेलाच भाव ठरवून तो उघडपणे विकला जात होता. व्यापार म्हणून यात गैर काही नाही. पण साध्या रांगेतील एका लहान मुलाने शेजारून झपाझप जाणाऱ्या मुलाकडे बोट दाखवून आईला काहीतरी विचारले, आणि आईने त्याचे बोट खाली केले, ते दृश्य माझ्या मनातून गेले नाही.

सौ. ची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. झटके बसणारे खेळ वर्ज्य, असे डॉक्टरांनी बजावले होते, आणि हृदयविकार असणाऱ्यांनी बसू नये अशी सूचना खेळांच्या दारावरही होती. नातू आणि त्याचे वडील 'स्पेस माउंटन' या अंधारातून धावणाऱ्या गाडीच्या रांगेत उभे राहिले. आम्ही दोघे पीपलमूव्हर नावाच्या संथ गाडीत बसलो. १९७५ पासून ती चालू आहे. डब्याला इंजिन नाही, रुळांत बसवलेल्या विद्युतचुंबकांनी ती ढकलली जाते. सौ. नी हे तत्त्व मला बारकाईने समजावून सांगितले. गंमत अशी की, ती गाडी स्पेस माउंटनच्या पोटातूनच जाते. अंधारात वरून धडधडत गाड्या गेल्या, किंकाळ्या ऐकू आल्या. सौ. हसून म्हणाल्या, "यांतली एक आपल्या बाळाची असेल."

घरचे डबे बरोबर होते. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देतात, ही आपल्या लोकांसाठी मोठीच सोय. मेथीचे ठेपले, खाकरे, कोरडी मुगाची उसळ आणि फळे. नोव्हेंबरात तेथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा घरचा नियम पाळायला पाच वाजताच एका झाडाखाली पथारी मांडली. शेजारच्या अमेरिकन कुटुंबाने ठेपल्याची चौकशी केली, चव घेतली आणि कृतीही विचारून घेतली.

रात्री राजवाड्यावरील आतषबाजी संपल्यावर मी सवयीने हिशेब मांडला. नातू चार खेळांत बसला. रांगेत गेली दोनशे पंचेचाळीस मिनिटे, प्रत्यक्ष खेळ सतरा मिनिटे. मी हा ताळेबंद त्याला ऐकवला तेव्हा तो म्हणाला, "पण आजोबा, रांगेत बाबा फोन बघत नव्हते. आम्ही गोष्टी सांगत होतो." त्यावर मी वही मिटली.

रविवारी आम्ही केनेडी अंतराळ केंद्राचे प्रेक्षकदालन पाहिले. तेथे अटलांटिस हे शटलयान जणू अजून अवकाशातच असावे असे एका अंगावर कलते टांगले आहे. कलण्याचा कोन ४३.२१ अंश, म्हणजे उलट मोजणीचेच आकडे. त्याच इमारतीत चॅलेंजर आणि कोलंबिया या दोन दुर्घटनांत गेलेल्या चौदा अंतराळवीरांच्या स्मृती जतन केल्या आहेत. कर्नालच्या कल्पना चावला यांचे नाव सौ. नी शोधून काढले. १ फेब्रुवारी २००३ च्या त्या बातमीनंतर वर्गात काय बोलावे हे सुचत नव्हते, असे त्या म्हणाल्या. बराच वेळ त्या तेथे उभ्या होत्या. नातू आजीचा हात धरून उभा राहिला.

चॅलेंजरची कथा मी तेथेच नीट वाचली. २८ जानेवारी १९८६ ची सकाळ गोठवणारी होती. थंडीत रबरी कड्या नीट बसणार नाहीत, उड्डाण करू नये, असे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितले होते. परंतु उड्डाण आधीच लांबले होते, वेळापत्रकाचा दबाव होता. ७३ सेकंदांत सात माणसे गेली. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर वर्षअखेरीस उद्दिष्टाचा दबाव कसा येतो, हे मी जाणतो. त्या वेळी फाइलवर "थांबा" असे लिहिणाऱ्याचे कोणी अभिनंदन करत नाही; वाचलेला तोटा ताळेबंदात दिसत नाही.

मंगळवार, १५ नोव्हेंबर. चिरंजीवांची बैठक आटोपली, सौ. नी दुपारी सक्तीने विश्रांती घेतली. सूर्यास्तापूर्वी जेवून आम्ही टायटसव्हिल गावी इंडियन नदीच्या काठी पोहोचलो. येथून उड्डाणमंच सरळ रेषेत साधारण वीस किलोमीटर. नदीकाठ माणसांनी भरलेला: घडीच्या खुर्च्या, दुर्बिणी, पांघरुणांत गुरफटलेली मुले. ही गर्दी शनिवारच्या गर्दीपेक्षा वेगळी होती. येथे जादा पैसे भरून कोणाला लवकर उड्डाण मिळणार नव्हते. सारे सारखेच थांबले होते, आणि सगळ्यांना ठाऊक होते की कदाचित रिकाम्या हाती परतावे लागेल. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ सांगत होते की, ते ऑगस्टमध्येही आले होते, सप्टेंबरमध्येही.

पलीकडे प्रकाशझोतांत उभे असलेले रॉकेट नुसत्या डोळ्यांना काडीएवढे दिसत होते. खरी उंची ९८ मीटर. उड्डाणाच्या वेळचा रेटा सुमारे चाळीस लाख किलो. अपोलोच्या सॅटर्न रॉकेटपेक्षाही अधिक. त्याची चारही मुख्य इंजिने पूर्वी शटलयानांवर वापरलेली होती, हे ऐकून मला संतोष वाटला. जुना माल नीट राखला तर कामास येतो.

रात्री बातमी आली की हायड्रोजनच्या झडपेपाशी पुन्हा गळती आहे. नातवाचा चेहरा उतरला. सौ. काहीच बोलल्या नाहीत. फक्त शाल घट्ट ओढून घेतली. मग फोनवरील प्रक्षेपणात सांगितले गेले की तीन माणसे प्रत्यक्ष मंचावर जात आहेत. उणे २५३ अंशांचे द्रव इंधन भरलेल्या त्या अजस्र यानाच्या पायथ्याशी जाऊन पाना घेऊन सैल नट आवळायचे काम! ते त्यांनी केले आणि गळती थांबली. पुढे रडार केंद्रातील एक संगणकीय जोडणी बिघडली, तीही बदलली. १ वाजून ४ मिनिटांची ठरलेली वेळ टळून गेली. मोजणी दहा मिनिटांवर रोखलेली.

नासाच्या महानिरीक्षकांनी या मालिकेतील एका उड्डाणाचा खर्च चारशे दहा कोटी डॉलर असल्याचे त्याच वर्षी सांगितले होते. एवढी रक्कम आणि साऱ्या जगाचे लक्ष असताना प्रत्येक विभागाला एकेक करून विचारले जात होते: तयार आहात का? कोणाही एकाने नाही म्हटले असते तरी सारे थांबले असते. उड्डाण संचालक होत्या चार्ली ब्लॅकवेल-थॉम्पसन, नासाच्या पहिल्या महिला उड्डाण संचालक. सौ. ना हे मी सांगितले, तर त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे."

१ वाजून ४७ मिनिटे. क्षितिजावर आधी एक नारिंगी ठिपका फुटला, आणि क्षणात रात्रीचा दिवस झाला. नदीचे पाणी, पूल, शेकडो चेहरे उजळले. ज्योतीचा तो स्तंभ वर चढत होता आणि आवाज मुळीच नव्हता. वीस किलोमीटर यायला ध्वनीला जवळजवळ एक मिनिट लागते. नातू मोठ्याने मोजत होता, "सत्तावन्न, अठ्ठावन्न…" आणि मग तो आला. ऐकू येण्याआधी छातीत जाणवणारा, फाटत जाणारा गडगडाट. मी घाबरून सौ. कडे पाहिले. त्यांचा एक हात छातीवर होता. दुसऱ्या क्षणी कळले की तो नमस्काराला उचललेला हात अर्ध्यावर थांबला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि त्या हसत होत्या. दोन मिनिटांनी बूस्टर गळून पडले; पुढे एक ठिपका उरला, मग तोही ताऱ्यांत मिसळला.

गावातून मोटार बाहेर काढायला अडीच तास लागले. कोणी कुरकुर केली नाही. मागच्या आसनावर नातू वहीत काही आकडे मांडत होता. अचानक म्हणाला, "आजी, अपोलो चंद्रावर उतरले तेव्हा भारतात किती वाजले होते माहीत आहे? रात्रीचे १ वाजून ४७ मिनिटे!" मी दुसऱ्या दिवशी गणित पडताळून पाहिले. बरोबर होते. २१ जुलै १९६९ च्या त्या वेळी सांगलीतील एक अकरा वर्षांची मुलगी गाढ झोपेत असणार. तिला सकाळी दुकानातल्या रेडिओवर कळले. या खेपेस मात्र ती जागी होती.

अशी सहल करू इच्छिणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. उड्डाणाच्या तारखेनंतर किमान दोन दिवस हाताशी ठेवावेत आणि खोलीचे आरक्षण रद्द करता येण्याजोगे घ्यावे. घडीची खुर्ची, शाल, डास पळवणारे मलम आणि औषधे बरोबर असावीत. अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्या श्रीहरिकोटा येथे २०१९ पासून प्रेक्षकांसाठी सज्जा आहे, ऑनलाइन नोंदणी करून तेथून उड्डाण पाहता येते, आणि चेन्नईहून मोटारीने काही तासांतच पोहोचता येते. चेन्नईला नातलग नाहीत अशी आपली घरे थोडीच असतील!

ओरायन कुपी ११ डिसेंबरला प्रशांत महासागरात सुखरूप उतरली. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, अपोलो १७ चंद्रावर उतरले होते. तोवर आम्ही सांगलीस परतलो होतो. रात्री अकराच्या पुढे सौ. दूरचित्रवाणीसमोर बसून होत्या. पॅराशूट उघडलेली दिसली आणि अटलांटाहून नातवाचा फोन आला. आजी-नातू वीस मिनिटे बोलत होते. मला एक अक्षरही बोलायला मिळाले नाही. फोन ठेवल्यावर सौ. म्हणाल्या, "पुढच्या खेपेला माणसे जाणार आहेत. सूनबाई म्हणाल्या, पासपोर्टची मुदत बघून ठेवा." मी कपाटातून पासपोर्ट काढून पाहिला. मुदत होती.